परदेशी विक्रेते, ऑनलाइन बाजारपेठा आणि उलटत जाणारी मुदत

खाडीकाठ (धागाकर्ता, हर्णै)

आमच्या बंदरावर छोट्या होड्या चालवणाऱ्यांमध्ये सध्या परदेशी ऑनलाइन बाजारपेठांवरून सामान मागवण्याचे प्रमाण बरेच वाढले आहे. आउटबोर्ड इंजिनाचे इंपेलर, पंखे, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र) अशा वस्तू येथे एक तर मिळत नाहीत, किंवा मुंबईहून मागवाव्या लागतात आणि मग दुकानदार सांगेल ती किंमत मुकाट्याने मोजावी लागते. त्यामुळे मागवणाऱ्यांना मी दोष देत नाही. मात्र या व्यवहारांत फसवणुकीची जी एक ठरावीक रीत दिसते, ती समजून घेतल्याशिवाय कोणी पैसे भरू नयेत, म्हणून हा धागा काढत आहे.

शेजारच्या वाडीतील एका होडीवाल्याने फिश फाइंडर मागवला. किंमत बाजारभावाच्या जेमतेम चौथाई होती, विक्रेता चीनमधला होता, त्याच्या नावापुढे शेकडो चांगले अभिप्राय होते आणि माल पोहोचण्यासाठी तब्बल दोन महिन्यांचा अवधी दाखवला होता. दुसऱ्याच दिवशी ट्रॅकिंग क्रमांक आला आणि माल रवाना झाल्याची नोंदही दिसली. त्यानंतर बरेच आठवडे काहीच हालले नाही. विचारणा केली की विक्रेत्याचे अत्यंत नम्र उत्तर येई: कस्टम्समध्ये उशीर होत आहे, कृपया आणखी थोडे थांबावे, आम्ही आपली काळजी घेऊ. शेवटी राखाडी प्लास्टिकच्या पिशवीत एक पुडके आले. आत किल्ल्या अडकवण्याची प्लास्टिकची साखळी होती. वरच्या लेबलवर वस्तूचे वर्णन ‘खेळणे’ असे छापलेले होते आणि वजन होते तीस ग्रॅम. तक्रार केल्यावर विक्रेत्याने दोन पर्याय दिले: वस्तू स्वखर्चाने चीनला परत पाठवा, किंवा वीस टक्के रक्कम परत घेऊन तक्रार बंद करा. नकार दिल्यावर वीसाचे तीस झाले, तिसाचे चाळीस. हा माणूस चाळिसावर तयार होत आला होता, कारण बुडत्या पैशांतले थोडे तरी हाती लागतील असे त्याला वाटू लागले होते.

माझा मुद्दा असा आहे की यात वस्तू, दर किंवा अभिप्राय यांपेक्षा महत्त्वाची बाब वेळ ही आहे. दोन महिन्यांचा लांबलचक अवधी, खोटी हालचाल दाखवणारे ट्रॅकिंग, ‘आणखी थोडे थांबा’, टक्केवारीची घासाघीस, यांतील प्रत्येक पायरीचा उद्देश एकच असतो, आणि तो म्हणजे ग्राहकाची तक्रारीची मुदत उलटून जाणे. ईबे या परदेशी बाजारपेठेची पैसे परतीची हमी माल मिळाल्याच्या, अथवा माल पोहोचण्याच्या अंदाजित अखेरच्या तारखेपासून ३० दिवसांची असते. पेपॅल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद दाखल करता येतो. परंतु दाखल केल्यावर २० दिवसांच्या आत तो दाव्यात (म्हणजे पेपॅलनेच निवाडा करावा अशा मागणीत) रूपांतरित केला नाही तर आपोआप बंद होतो, आणि बंद झालेला वाद पुन्हा उघडत नाही. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच पैसे पाठवतो’ असे विक्रेता गोड शब्दांत सांगतो, त्यामागचे गणित हे आहे. पैसे आधी खात्यात, मग तक्रार बंद. हा क्रम कोणाच्याही शब्दावर बदलू नये.

आणखी एक गोष्ट अभिप्रायांविषयी. चांगले अभिप्राय असलेले जुने खाते विकत घेऊन किंवा चोरून त्यावर नवीनच दुकान थाटले जाते. म्हणून अभिप्राय किती आहेत यापेक्षा ते कशाबद्दल आहेत हे वाचावे. कालपर्यंत लहान मुलांचे कपडे विकणारा विक्रेता आज अचानक दीडशे प्रकारची महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रे निम्म्याहून कमी दरात विकू लागला असेल, तर तेथून निमूटपणे बाहेर पडावे.

इतरांनी आपापले अनुभव व माहिती येथे जरूर लिहावी. कृपया विषय सोडून जाऊ नये.

टपालवाले_काका (राजापूर)

खाडीकाठ, धागा योग्य वेळी काढलात. मी टपाल खात्यात उभी हयात घालवली असल्यामुळे ट्रॅकिंगविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लोक या क्रमांकावर देवासारखा विश्वास ठेवतात.

आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक जागतिक टपाल संघाच्या एस-१० या प्रमाणानुसार तेरा स्थानांचा असतो. आरंभी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे, जसे चीनसाठी सीएन, सिंगापूरसाठी एसजी. नवव्या अंकाला तपासणी अंक म्हणतात. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी, तिला ११ ने भागावे आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करावी. उत्तर १० आल्यास शून्य धरावे, ११ आल्यास ५ धरावे. १२३४५६७८ हे अंक घेतल्यास बेरीज २०४ येते, बाकी ६ उरते, म्हणून नववा अंक ५ असायला हवा. विक्रेत्याने दिलेला क्रमांक या कसोटीत नापास झाला तर तो बनावट आहे असे खुशाल समजावे. उत्तीर्ण झाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण खरा क्रमांक दुसऱ्याच पुडक्याचा असू शकतो. खासगी कुरियर कंपन्यांना ही कसोटी लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता आपल्या भागाशी संबंधित गोष्ट सांगतो. शहरात एक पिनकोड म्हणजे चार गल्ल्या असतात; आमच्याकडे एका पिनकोडखाली अनेक शाखा डाकघरे आणि त्यांच्या अखत्यारीतील गावे व वाड्या येतात. लबाड विक्रेता नेमका याचा लाभ उठवतो. तो त्याच पिनकोडमधील भलत्याच माणसाच्या पत्त्यावर रिकामा लिफाफा धाडतो, बाजारपेठेच्या संगणकाला ‘या पिनकोडवर माल पोहोचला’ एवढेच दिसते आणि तक्रार फेटाळली जाते. असे झाल्यास आपल्या डाकघरात लेखी अर्ज करावा, त्या क्रमांकाचे टपाल कोणाच्या नावे व कोणत्या पत्त्यावर वाटले याची विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर तक्रारीला जोडावे. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायला विसरू नये. खेड्यातला पोस्टमन प्रत्येक घर ओळखतो, त्यामुळे त्याच्याशी बोलले तरी बराच उलगडा होतो.

पुडके हातात पडल्यावर पिशवी फाडून फेकू नये. लहान पाकिटावर सीएन २२ या नावाचे कस्टम्स घोषणापत्र चिकटवलेले असते, त्यावर वस्तूचे वर्णन, वजन व किंमत विक्रेत्याने स्वतःच लिहिलेली असते. आपल्या होडीवाल्याचे तीस ग्रॅम वजनाचे ‘खेळणे’ हा विक्रेत्याने स्वहस्ते दिलेला कबुलीजबाबच आहे. लेबल स्पष्ट वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे, आणि शक्य असल्यास वाण्याच्या काट्यावर पुडके ठेवून दुसरे घ्यावे.

वेळणेश्वर_घरगुती

काका, एक शंका आहे. ‘आपले पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपूर्ण असल्याने बारा तासांत दुरुस्त करा’ असा भारतीय टपाल खात्याच्या नावाने संदेश आला, सोबत एक दुवा होता. आमच्याकडे पाहुण्यांसाठी बरेच सामान बाहेरून येत असते, त्यामुळे खरे-खोटे लगेच कळत नाही.

टपालवाले_काका

ताई, तो संदेश खोटा आहे. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागानेही अशा संदेशांविषयी सावध केलेले आहे. दुव्यावर पत्ता भरून घेतात आणि मग किरकोळ शुल्काच्या नावाखाली कार्डाचा तपशील मागतात. परदेशी टपालावर सीमाशुल्क लागू असेल तर ते टपाल वाटपाच्या वेळी रीतसर पावती देऊन घेतले जाते. ‘कस्टम्स अधिकारी’ म्हणवणाऱ्याने फोन करून वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागितले तर ती उघड फसवणूक आहे. सीमाशुल्क खात्याच्या पत्रव्यवहारावर २०१९ सालापासून दस्तऐवज ओळख क्रमांक छापलेला असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

काउंटरपलीकडून (रत्नागिरी)

बँकेतील नोकरीमुळे या प्रकरणांची दुसरी बाजू रोज पाहतो, म्हणून लिहितो.

परदेशी विक्रेत्याला पैसे देताना क्रेडिट कार्ड वापरावे, हा सल्ला बँकेचा व्यवसाय वाढावा म्हणून देत नाही. कार्डावरील व्यवहारात चार्जबॅकची सोय असते: माल न मिळणे, वर्णनाप्रमाणे नसणे, नकली असणे यांपैकी कारण देऊन ग्राहक आपल्या बँकेमार्फत रक्कम परत मागू शकतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांत यासाठी साधारणतः १२० दिवसांची मर्यादा असते. धागाकर्त्याने मुदतीविषयी लिहिले आहे ते येथेही तंतोतंत लागू पडते. बाजारपेठेकडे तक्रार, मग स्मरणपत्र, मग पुन्हा स्मरणपत्र असे करत माणूस बँकेत येतो तेव्हा हे दिवस सरलेले असतात, आणि काउंटरवरच्या माणसाला मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. यूपीआयने किंवा थेट बँक हस्तांतरणाने पैसे आपण स्वतःच ढकलतो, तेथे चार्जबॅकसारखे कवच जवळजवळ नसतेच. ‘बाजारपेठेच्या बाहेर पैसे दिले तर दहा टक्के सूट’ असे कोणी म्हटले, तर त्या सुटीच्या बदल्यात आपण सगळे संरक्षण सोडून देत आहोत हे ओळखावे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाविषयी लोकांचा एक घोटाळा होतो. आपल्या किंवा बँकेच्या चुकीशिवाय तिऱ्हाइताने कार्ड वापरले आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. हे त्या परिपत्रकात आहे. परंतु आपण स्वतः खरेदी केली आणि माल खोटा निघाला, तर तो अनधिकृत व्यवहार ठरत नाही. तेथे चार्जबॅकचाच मार्ग. बनावट दुकानात एकदा कार्ड वापरल्यानंतर आठवड्याभराने त्याच कार्डावर दुसरीच रक्कम वजा होते, तेव्हा मात्र २०१७ चे परिपत्रक कामाला येते. परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा ओटीपी विचारलाच जात नाही, हे लक्षात घ्यावे. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर मुळात बंदच असतो आणि तो आपण ॲपमधून सुरू करतो. खरेदी झाली की तो तत्काळ पुन्हा बंद करावा, एवढे तरी कटाक्षाने पाळावे.

सड्यावरचा_सुतार (देवगड)

सर्वांचे वाचले, पण थोडे विरोधी लिहितो. मी जर्मनी व जपानमधील छोट्या विक्रेत्यांकडून हत्यारे मागवत आलो आहे आणि व्यवहार चोख झाले आहेत. परदेशी म्हणजे लबाड, असा सूर लागू नये. आपल्याकडच्याच कोणी मुंबईचा पत्ता टाकून, समाजमाध्यमावर जाहिरात देऊन, कॅश ऑन डिलिव्हरीने चिंध्या पाठवल्याचे प्रकार काय थोडे आहेत? पैसे आधी मोजावे लागतात, पुडके नंतर उघडते, आणि पाठवणाऱ्याच्या जागी कुरियर कंपनीचे नाव असते.

खाडीकाठ

सुतारदादा, आक्षेप मान्य आहे. परदेशी प्रामाणिक विक्रेता आणि आपण यांच्यामध्ये विश्वास असतो, तसा लबाड परदेशी विक्रेता आणि आपला कायदा यांच्यामध्ये समुद्र असतो. माझा रोख त्या दुसऱ्या अडचणीकडे होता. जो भारतात असल्याचे सांगतो त्याची परीक्षा तुलनेने सोपी आहे. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक मागावा. तो पंधरा स्थानांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणीकृत नाव व नोंदणीची तारीख दिसते. स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्या दुकानाच्या बाबतीत डोमेन (संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता) केव्हा नोंदवले ते पाहावे. ‘पन्नास वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या दुकानाचे डोमेन गेल्या महिन्यातले असते. आणि ‘कारखाना बंद होणे आहे, म्हणून आम्ही देत आहोत अंतिम विदाई सूट’ असले यंत्राने पाडलेले मराठी दिसले, की पुढे तपासण्याचे श्रमही वाचतात!

कलमी_आंबा (दापोली)

वनस्पतींविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. निळी स्ट्रॉबेरी, सप्तरंगी गुलाब, कुंडीत वर्षभरात फळ देणारा हापूस, अशा बियाण्यांच्या जाहिराती परदेशी विक्रेते सर्रास करतात आणि रोपवाटिका चालवणारी आमची शिकलेली मुलेही त्यांना भुलतात. निळी स्ट्रॉबेरी ही केवळ छायाचित्रावर केलेली रंगरंगोटी असते. हापूसच्या कोयीतून उगवलेले झाड मातृवृक्षासारखे निघेल याची खात्री नसते, म्हणून तर आपण कलम करतो. ज्याला अस्सल कलम हवे त्याने दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या अथवा परवानाधारक रोपवाटिकेत जावे. शिवाय परदेशातून बियाणे आणण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि मूळ देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. पाकिटातून गुपचूप आलेल्या बियाण्याबरोबर एखादा नवा रोग आपल्या बागांत शिरला तर त्याची किंमत एकट्या खरेदीदाराला मोजावी लागणार नाही.

२०२० साली अमेरिकेत हजारो घरांत न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटे आली होती. तेथील कृषी खात्याने त्याचे संभाव्य कारण ‘ब्रशिंग’ असे सांगितले. विक्रेता अनोळखी पत्त्यावर हलकीशी वस्तू पाठवतो, माल पोहोचल्याची नोंद मिळवतो आणि त्या नोंदीच्या आधारे ग्राहकाच्या नावाने स्वतःच स्वतःची स्तुती लिहितो.

टपालवाले_काका

म्हणजे मी वर लिहिलेला रिकामा लिफाफा दुहेरी कामाचा ठरतो. एकाची तक्रार त्याने फेटाळली जाते आणि दुसऱ्याच्या नावाने पाच तारे मिळतात. न मागवलेले पुडके आले तर लोक हसून सोडून देतात. त्याऐवजी त्या बाजारपेठेला कळवावे आणि आपल्या खात्याचा पासवर्ड बदलावा, कारण आपला पत्ता कोठून तरी फुटलेला असतो.

ओहोटी_भरती (श्रीवर्धन)

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे दीर्घकाळ वीज नव्हती. तेव्हापासून पॉवर बँक आणि सौर दिवे हा येथील प्रत्येक घराचा आवडता विषय आहे, आणि फसवणूकही त्यातच अधिक आहे. परदेशी विक्रेते एक लाख एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीची साठवण क्षमता मोजण्याचे एकक) पॉवर बँक नऊशे रुपयांना विकतात. टपालवाल्या काकांनी वजनाचा उल्लेख केला, त्याला जोडून सांगतो. १८६५० आकाराची एक उत्तम लिथियम सेल साधारण ३५०० एमएएचची असते आणि तिचे वजन पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरते. एक लाखासाठी अशा जवळपास एकोणतीस सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचेच वजन सव्वा किलोच्या पुढे जाते. जाहिरातीत वजन तीनशे ग्रॅम लिहिले असेल तर दावा खोटा असल्याचे वस्तू मागवण्याआधीच घरबसल्या सिद्ध होते. शिवाय पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असणे सक्तीचे आहे आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. दमट हवेत निकृष्ट लिथियम बॅटरी उशाशी ठेवून झोपणे हा पैशांपलीकडचा धोका आहे.

वेळणेश्वर_घरगुती

आमच्या मुलाने किनाऱ्याचे चित्रीकरण करण्यासाठी परदेशी विक्रेत्याकडून ड्रोन पाहून ठेवला आहे. विक्रेता म्हणतो की ‘भेटवस्तू’ असे लिहून पाठवतो, म्हणजे शुल्क लागणार नाही. आणि भाऊजींना होडीसाठी वॉकी-टॉकी हवे आहेत. मागवावे का?

ओरोसचा_वकील

ताई, दोन्ही मागवू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे; संशोधन, संरक्षण व सुरक्षा हे अपवाद आहेत आणि आपले घरगुती विश्रामगृह त्यांत बसत नाही. भेटवस्तूची पळवाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता शुल्कमाफीच्या भेटवस्तू आता आणता येत नाहीत. ‘भेट’ लिहून पाठवण्याची तयारी दाखवणारा विक्रेता आपल्याला खोट्या घोषणेत सहभागी करून घेतो, आणि माल जप्त झाला की हात वर करतो. वॉकी-टॉकीच्या बाबतीत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवाना लागत नाही, परंतु संचाला उपकरण प्रकार मान्यता हवी. परदेशी स्वस्त संच बहुधा इतर लहरींवरही चालतात, त्यांना परवाना लागतो. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी अनेक बाजारपेठांना नोटिसा काढल्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावर असा संच सापडल्यास पोलीस किती चौकशी करतात, ते येथे कोणाला सांगायला नको.

आता मूळ विषयावर. २०२० चे ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल देऊ करणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू आहेत. बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव, भौगोलिक पत्ता व संपर्क दाखवला पाहिजे, तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिन्याभरात निवारण केले पाहिजे. म्हणून नुसते चॅटवर बोलत बसू नये. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे लेखी तक्रार करावी, कारण ४८ तास आणि एक महिना ही मोजणी तेथून सुरू होते. मुदतीचा खेळ विक्रेता खेळतो, तसा तो आपल्यालाही खेळता येतो.

सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवावे. संकेतस्थळच बनावट असेल तर सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला १९३० वर त्वरित, शक्य तर त्याच तासात, कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवण्याची शक्यता तेवढ्यापुरतीच असते.

खाडीकाठ

वकीलसाहेब, होडीवाल्याने चार्जबॅक दाखल केला आहे आणि बँकेने रक्कम तात्पुरती जमा केली आहे. निकाल विरुद्ध गेला तर ग्राहक आयोगात जावे का? विक्रेता तर चीनमध्ये आहे.

ओरोसचा_वकील

जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे त्यांच्यासाठी रत्नागिरी. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरूनच दाखल करता येते. परंतु एकट्या चिनी विक्रेत्याला प्रतिपक्ष करून आदेश मिळवलात तर त्याची अंमलबजावणी कोठे करणार? बाजारपेठेचे भारतात कार्यालय असेल तर तिला अवश्य प्रतिपक्ष करावे. ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ कडे बोट दाखवून ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणेल. त्यावेळी तक्रार निवारण अधिकाऱ्याने मुदतीत काय केले आणि विक्रेत्याचा खरा पत्ता दाखवला होता की नाही, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. भारतात कार्यालयच नसलेली बाजारपेठ असेल तर मी अशिलाला चार्जबॅकवरच सारा भर द्यायला सांगतो.

त्यांना सांगा की लेबलचे छायाचित्र, विक्रेत्याचे सर्व संदेश आणि जाहिरातीच्या पानाची प्रत आजच उतरवून ठेवावी. जाहिरातीचे पान विक्रेता काढून टाकतो, त्यामुळे त्यात दाखवलेले यंत्राचे वजन तारखेसह दिसेल असे छापून घ्यावे आणि ते बँकेच्या अर्जालाही जोडावे.

काउंटरपलीकडून

आणि अर्जात लांबलचक कहाणी लिहू नये. ‘जाहिरातीत अमुक वस्तू, अमुक वजन, मिळालेली वस्तू तमुक, वजन तीस ग्रॅम, विक्रेत्याशी या तारखेला संपर्क केला, त्याने हे उत्तर दिले’, एवढे इंग्रजीत एका पानावर तारखांसह मांडावे. अर्ज परदेशी बँकेपर्यंत जातो आणि तेथे वाचणारा माणूस कागदावर मिनिटभरच नजर टाकतो. विक्रेत्याच्या बँकेकडून उलट उत्तर आले तर आपली बँक पुन्हा कागद मागते, आणि त्यालाही थोड्याच दिवसांची मुदत असते. त्यामुळे त्यांनी बँकेचे ईमेल रोज पाहावेत, समुद्रावर जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा.